खप आणि नफा : महाग व स्वस्त संगणकांचा हिशेब

वलवणच्या जलाशयाकडे पाहणाऱ्याचे लक्ष प्रथम जाते ते पाण्याच्या विस्ताराकडे. लोणावळ्याच्या परिसरात पावसास तोटा नाही. आषाढ-श्रावणात जलाशय काठोकाठ भरला म्हणजे एवढ्या पाण्याच्या बळावर वीज निर्माण व्हावी हे कोणासही स्वाभाविक वाटावे. वस्तुस्थिती मात्र थोडी निराळी आहे. याहून कितीतरी अधिक पाणी वाहणाऱ्या नद्या या देशात पुष्कळ आहेत, आणि तरीही मुंबईच्या गिरण्यांसाठी वीज निर्माण करण्याचा विचार जेव्हा जमशेटजी टाटांच्या मनात आला, तेव्हा नजर वळली ती सह्याद्रीच्या माथ्याकडे. १९१० साली टाटांची जलविद्युत कंपनी स्थापन झाली, १९११ साली मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते लोणावळ्यास या कामाची कोनशिला बसली, आणि १९१५ साली खोपोलीच्या वीजघरातून मुंबईस वीज मिळू लागली. जमशेटजी तोपर्यंत हयात नव्हते. एरवी पूर्वेकडे भीमेच्या खोऱ्यात वाहून गेले असते ते पाणी वलवण, लोणावळे व शिरवटा येथील जलाशयांत अडविले गेले. तेथून ते पश्चिमेकडे वळवून नळांतून घाटाखाली सुमारे १,७०० फूट उतरविण्यात आले.

या योजनेचे सारे इंगित त्या १,७०० फुटांत आहे. पाण्यापासून वीज किती मिळेल हे दोन गोष्टींच्या गुणाकाराने ठरते: पाणी किती, आणि ते किती उंचीवरून पडते. एखाद्या संथ नदीवर सतरा फुटांचा बांध घालून तेवढीच वीज काढावयाची म्हटले, तर शंभरपट पाणी लागेल. म्हणूनच घाटमाथ्यावरचे मर्यादित पाणी मोठ्या नदीच्या पाण्यास भारी ठरते.

व्यापाराचा हिशेबही याच जातीचा आहे. दुकानदाराच्या वर्षअखेरच्या नफ्यातही दोनच गोष्टींचा गुणाकार असतो: किती नग विकले, आणि दर नगामागे सर्व खर्च वजा जाता किती उरले. पहिली गोष्ट म्हणजे पाणी, दुसरी म्हणजे उंची. हे इतके सोपे असूनही बाजाराच्या बातम्या वाचताना सुशिक्षित माणसेसुद्धा या दोन गोष्टींची गल्लत करतात. अमुक कंपनीचा माल सर्वांत अधिक खपतो असे वाचले की तीच सर्वांत संपन्न असणार, अशी समजूत होते. उलट, अमुक कंपनीचा नफा सर्वांत मोठा असे ऐकले की तिचाच माल घरोघरी असेल असे वाटते. संगणकाच्या व्यापारात या दोन्ही समजुती वारंवार खोट्या ठरल्या आहेत. हा व्यापार आता घरोघरच्या खर्चाच्या वहीत शिरला असल्यामुळे त्याचा विचार करणे अप्रस्तुत होणार नाही.

प्रथम लोणावळ्याच्या बाजारपेठेतले एक साधे उदाहरण घेऊ. चिक्की करणाऱ्यांची दुकाने तेथे ओळीने आहेत. शेंगदाणे व गूळ सर्वांस मिळतो तो बाजारभावानेच. समजा, एका दुकानदारास किलोमागे दहा रुपये नफा सुटतो. शेजाऱ्याचे गिऱ्हाईक ओढण्यासाठी त्याने भाव दोन रुपयांनी उतरविला, तर पूर्वीइतकाच नफा मिळण्यासाठी त्यास सव्वापट माल खपविला पाहिजे. पाच रुपयांनी उतरविला तर दुप्पट. दहा रुपयांनी उतरविला तर दुकानापुढे कितीही रांग लागली तरी संध्याकाळी गल्ल्यात उरणारा नफा शून्यच. शेजाऱ्यानेही भाव उतरविला तर रांगसुद्धा उरत नाही. याउलट ज्याच्या नावावर लोकांचा विश्वास बसला आहे, प्रवासी गाडीतून उतरताच ज्याचे दुकान विचारीत येतो, त्यास भाव उतरविण्याची गरज पडत नाही. त्याचा खप बाजाराच्या दहाव्या हिश्शाइतका असला तरी त्याची वही इतरांपेक्षा जड असू शकते.

आता संगणकाकडे वळू. १९८१ साली अमेरिकेच्या आय. बी. एम. कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. कार्यालयांतून या कंपनीचा दबदबा एवढा होता की तिचे नाव असलेले यंत्र हेच प्रमाण मानले गेले. परंतु ते यंत्र लवकर तयार करण्याच्या घाईत कंपनीने त्याचे दोन मर्मभाग बाहेरून घेतले. गणित करणारा प्रोसेसर इंटेल कंपनीचा होता, आणि यंत्र चालविणारी आज्ञावली, जिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात, ती मायक्रोसॉफ्ट कंपनीची होती. या दोन्ही कंपन्या आपला माल इतरांसही विकण्यास मोकळ्या होत्या. आय. बी. एम.च्या स्वतःच्या मालकीचा असा एक लहानसा आज्ञासमूह यंत्रात होता. १९८२ साली स्थापन झालेल्या कॉम्पॅक कंपनीने त्याची नक्कल न करता, तेच काम करणारा दुसरा आज्ञासमूह स्वतः लिहून काढला, आणि पुढच्याच वर्षी तिचे संगणक विक्रीस आले. त्यामागून तशाच यंत्रांचा लोंढा आला. सर्व यंत्रांवर एकच आज्ञावली चाले, एकच सॉफ्टवेअर चाले, मग आय. बी. एम.च्या पाटीसाठी अधिक दाम कोणी का मोजावे? उंची नाहीशी झाली, सपाट मैदान उरले. चोवीस वर्षांनी, २००५ साली, आय. बी. एम.ने आपला हा संपूर्ण व्यवसाय चीनच्या लेनोवो कंपनीस विकून टाकला. जिने मार्ग आखला तीच त्या मार्गावरून निघून गेली. कॉम्पॅकही पुढे २००२ साली ह्युलेट-पॅकार्ड या कंपनीत विलीन झाली.

तर मग या सपाट मैदानावर नफा कोणास मिळाला? घाटाच्या तोंडाशी जकातीचा नाका असला म्हणजे कोणाचीही गाडी जावो, भाडे कितीही घसरो, नाक्यावर पैसा जमतोच. संगणकाच्या रस्त्यावर इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांचे असे दोन नाके दीर्घकाळ उभे होते. यंत्रे बनविणारे आपसात भाव पाडीत राहिले; आणि यंत्र जितके स्वस्त होई तितकी गिऱ्हाइकांची गर्दी वाढून नाक्यांचे उत्पन्न फुगत गेले. २०२३ च्या जूनमध्ये संपलेल्या वर्षात मायक्रोसॉफ्टला दर शंभर डॉलरच्या विक्रीमागे सुमारे चौतीस डॉलर निव्वळ नफा झाला. त्या वर्षापर्यंत या कंपनीचे इतर उद्योगही पुष्कळ वाढले होते हे खरे. परंतु तिच्या संपत्तीचा पाया घातला गेला तो याच नाक्यावर.

अॅपल कंपनीने आरंभापासून निराळा मार्ग धरला. १९८४ साली तिचा मॅकिन्टॉश संगणक आला, त्याची किंमत २,४९५ डॉलर होती. यंत्रही तिचेच, आज्ञावलीही तिचीच. ती आज्ञावली दुसऱ्याच्या यंत्रावर चालत नसे, त्यामुळे ज्यास ती हवी त्यास अॅपलचेच यंत्र घ्यावे लागे. ही उंची खरी होती. परंतु नुसती उंची असून भागत नाही, याचाही धडा याच कंपनीच्या इतिहासात आहे. मायक्रोसॉफ्टची आज्ञावली सुधारत गेली, स्वस्त यंत्रांचा खप वाढत गेला, आणि सॉफ्टवेअर लिहिणारे स्वाभाविकपणे जेथे गिऱ्हाईक अधिक तेथे वळले. सॉफ्टवेअर कमी म्हणून गिऱ्हाईक कमी, आणि गिऱ्हाईक कमी म्हणून सॉफ्टवेअर कमी, असे चक्र सुरू झाले. कड्याची उंची कायम असली तरी तलाव आटला तर वीजघर थांबते. घाबरून कंपनीने १९९५ पासून आपली आज्ञावली वापरण्याची परवानगी इतर कारखानदारांस दिली; त्यांनी स्वस्त यंत्रे काढून बाजार वाढविण्याऐवजी अॅपलचीच गिऱ्हाइके ओढली. १९९७ साली कंपनीस शंभर कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला.

त्याच वर्षी संस्थापकांपैकी एक असलेले स्टीव्ह जॉब्स कंपनीत परत आले. त्यांनी केलेल्या गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. इतरांस दिलेली परवानगी त्यांनी बंद केली. जिच्याशी वर्षानुवर्षे वैर होते त्या मायक्रोसॉफ्टकडून पंधरा कोटी डॉलरचे भांडवल घेतले, आणि त्याबरोबरच आपल्या यंत्रासाठी तिचे कार्यालयीन सॉफ्टवेअर पुढेही मिळत राहील असे आश्वासन मिळविले. मग मालाचे अनेक प्रकार छाटून चारच ठेवले: घरासाठी एक व धंद्यासाठी एक, टेबलावरचा एक व बरोबर नेण्याचा एक, अशा जोड्यांचे चार. १९९८ साली आयमॅक हा संगणक १,२९९ डॉलर किमतीस आला, आणि त्या वर्षी कंपनीस सुमारे एकतीस कोटी डॉलर नफा झाला. बाजारातील सर्वांत स्वस्त यंत्राशी स्पर्धा करण्याचा मोह मात्र या साऱ्यात कोठेही दिसत नाही. पुढे २०२० सालापासून अॅपलने आपल्या संगणकांत इंटेलच्या जागी स्वतः आखलेला प्रोसेसर बसविण्यास आरंभ केला, म्हणजे दोन नाक्यांपैकी उरलेल्या नाक्यावरची जकातही वाचविली.

याचा परिणाम आकड्यांत असा दिसतो. २०२३ साली जगात विकल्या गेलेल्या दर शंभर संगणकांत अॅपलचे दहासुद्धा नव्हते. सर्वांत मोठा वाटा लेनोवोचा होता. तो अॅपलच्या दुपटीहून अधिक होता. आता वही पाहावी. २०२३ च्या मार्चअखेर संपलेल्या वर्षात लेनोवोची एकूण विक्री सुमारे ६,१९० कोटी डॉलर आणि निव्वळ नफा सुमारे १६० कोटी डॉलर होता. म्हणजे शंभर डॉलरच्या विक्रीत अडीच डॉलरांच्या आसपास. २०२३ च्या सप्टेंबरअखेर संपलेल्या वर्षात अॅपलची एकूण विक्री सुमारे ३८,३०० कोटी डॉलर व निव्वळ नफा सुमारे ९,७०० कोटी डॉलर होता. म्हणजे शंभरात पंचवीस. येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. अॅपलच्या त्या विक्रीत संगणकांचा भाग शंभरात आठाच्याही आत होता. अर्ध्याहून अधिक विक्री फोनची होती. तेव्हा हा सारा नफा संगणकांनी मिळवून दिला असे म्हणणे चूक ठरेल. परंतु उंची राखून मर्यादित पाणी सोडण्याची जी रीत कंपनीने संगणकात गिरविली, तीच तिने फोनच्या व्यापारात चालविली, एवढे निःसंशय म्हणता येते.

येथवर ऐकणाऱ्यास वाटेल की महाग विकणे हाच शहाणपणा व स्वस्त विकणे हा मूर्खपणा. तसे मुळीच नाही. स्वस्त विकण्याचे दोन प्रकार आहेत, आणि त्यांतील भेद ओळखणे महत्त्वाचे आहे. पहिल्या प्रकारात व्यापारी आधी आपला खर्च कमी करतो आणि मग भाव कमी करतो. मायकेल डेल या तरुणाने १९८४ साली अमेरिकेत कंपनी काढली तिची पद्धत अशी होती: मधले दुकानदार टाळून गिऱ्हाइकाकडून थेट मागणी घ्यावयाची, पैसे आधी घ्यावयाचे, आणि मागणी आल्यावरच यंत्र जोडावयाचे. गोदामात माल पडून जुना होण्याचा तोटा नाही, मध्यस्थाची अडत नाही. भाव कमी असूनही नफा सुटे, आणि २००१ साली डेल ही जगातील सर्वांत अधिक संगणक विकणारी कंपनी झाली. आपल्याकडे अहमदाबादेस करसनभाई पटेल यांनी १९६९ साली सुरू केलेली निरमा कपडे धुण्याची पावडर याच जातीची होय. साधी मांडणी, साधे वेष्टन व अल्प खर्च यांच्या बळावर तिने मुंबईच्या हिंदुस्थान लिव्हरच्या महागड्या सर्फला जेरीस आणले. हिंदुस्थान लिव्हरने त्यावर योजलेला उपायही मार्मिक होता. सर्फचा भाव पाडून तिचे नाव उतरविण्याऐवजी कंपनीने व्हील या निराळ्या नावाने स्वस्त पावडर काढली. वरच्या तलावाचे पाणी न सोडता खाली दुसरा बांध घालावा, तसे हे झाले.

दुसऱ्या प्रकारात खर्च तसाच राहतो, भाव मात्र शेजाऱ्याकडे पाहून उतरविला जातो. २००७ साली तैवानच्या असूस कंपनीने अगदी लहान व स्वस्त असा संगणक काढला आणि नेटबुक या नावाने अशा यंत्रांची लाट उसळली. तैवानच्याच एसर कंपनीने त्या लाटेवर स्वार होऊन २००९ साली खपाच्या क्रमवारीत डेललाही मागे टाकले व जगात दुसरे स्थान पटकाविले. त्या वेळी सर्वत्र तिची वाहवा झाली. परंतु दर नगामागचा नफा पातळ होता. २०१० साली अॅपलचा आयपॅड आला, नेटबुकांची लाट ओसरली, आणि २०११ साली एसरला तोटा सोसावा लागला. २०१३ चा तोटा त्याहूनही मोठा होता. दोन वर्षांपूर्वी अभिमानाने मिरविलेला हिस्सा संकटात उपयोगी पडला नाही.

हा प्रकार आपल्या देशात अधिक जवळून पाहावयास मिळाला. १९७८ साली आय. बी. एम.ने भारत सोडला, त्याच्या आगेमागे देशी संगणक कंपन्या उभ्या राहू लागल्या. एच. सी. एल. १९७६ साली निघाली. मुंबईची झेनिथ कॉम्प्युटर्स १९८० साली सुरू झाली, आणि बेताच्या किमतीत संगणक देणारी कंपनी म्हणून तिचे नाव मध्यमवर्गीय घरांत पोहोचले. विप्रोचा जन्म तर खानदेशातील अमळनेरचा. १९४५ साली वनस्पती तूप बनविण्यासाठी निघालेल्या या कंपनीने १९८० नंतरच्या दशकात संगणक बनविण्यास घेतले. या तिघींचा कोंडमारा दोन्ही बाजूंनी झाला. वरून विदेशी नामांकित कंपन्या आल्या. १९९७ साली भारताने माहिती तंत्रज्ञानाविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात भाग घेतला, आणि २००५ पर्यंत बाहेरून येणाऱ्या संगणकांवरील आयातशुल्क शून्यावर आले. खालून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतील जोडणी करणारे दुकानदार होते. प्रोसेसर एका ठिकाणचा, पडदा दुसऱ्या ठिकाणचा, पेटी तिसऱ्या ठिकाणची, असे सुटे भाग घेऊन ते दोन तासांत संगणक उभा करीत. त्यांना कारखाना नव्हता, जाहिरात नव्हती, कामगारांचा मोठा पसारा नव्हता. एका खोलीच्या भाड्यात त्यांचा सारा व्यवहार चाले. त्यांच्याइतका खर्च कमी करणे देशी कंपन्यांस शक्य नव्हते, आणि विदेशी नावाइतकी उंची त्यांच्यापाशी नव्हती. २०१३ च्या सुमारास एच. सी. एल. आणि विप्रो या दोघींनीही संगणक बनविण्याचे काम सोडले. झेनिथचे नावही आता दुकानांतून दिसत नाही.

या कंपन्यांतून काम करणाऱ्या कुशल कारागिरांचे काय झाले, त्यांचे संगणक घेतलेल्या शाळांनी व घरांनी पुढे सुटे भाग कोठून आणले, हे प्रश्न नफा-तोट्याच्या कोष्टकात येत नाहीत. परंतु गिऱ्हाइकाच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे होत. ज्या विक्रेत्यास काहीच उरत नाही, तो उद्या दुरुस्तीसाठी जागेवर असेल याचा भरवसा नाही. आणि ज्यास फार उरते, त्याचे ते उरणे आपल्याच खिशातून गेलेले असते. या दोन टोकांच्या मध्ये घरधन्यास आपला मार्ग काढावयाचा आहे.

समजा, वलवणच्या एका कुटुंबातील मुलीस पुण्याच्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला आहे. रोज सकाळच्या लोकलने जावयाचे, संध्याकाळी परतावयाचे, आणि बरोबर नेता येईल असा संगणक घ्यावयाचा. मुंबईहून आलेले मामा सांगतात, "घ्यायचा तर अॅपलचाच घे, दहा वर्षे पाहावे लागणार नाही." बाजारातला दुकानदार म्हणतो, "अहो काका, निम्म्याहून कमी किमतीत देतो, कामाला सारखाच." वडिलांना पतपेढीचे कर्ज काढावे लागणार आहे, त्यामुळे त्यांना दोघांचेही बोलणे खरे वाटते आणि दोघांचेही वाटत नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये पुण्याच्या कोरेगाव पार्कात अॅपलची स्वतःची दुकाने उघडली. तेव्हा मामांच्या सल्ल्यास आता जवळचा पत्ताही मिळाला आहे.

अशा वेळी खपाचा आकडा उपयोगाचा नाही आणि नफ्याचाही नाही. वडिलांनी कागद घेऊन एक साधा भागाकार करावा. यंत्राची किंमत, त्यात अपेक्षित दुरुस्तीचा खर्च मिळवावा, कर्ज असेल तर त्याचे व्याज मिळवावे, शेवटी विकून जे येईल ते वजा करावे, आणि जितकी वर्षे ते काम देईल तितक्यांनी भागावे. समजा, स्वस्त यंत्र पंचेचाळीस हजारांचे आहे, त्यावर दुरुस्तीस पाच हजार गेले, शेवटी पाच हजार आले आणि ते चार वर्षे टिकले. तर व्याज सोडून वर्षास ११,२५० रुपये पडले. महाग यंत्र एक लाखाचे आहे, मध्यंतरी बॅटरी वगैरे बदलण्यास पंधरा हजार गेले, शेवटी पंधरा हजार आले आणि ते आठ वर्षे चालले. तर वर्षास १२,५०० पडले. फरक फारसा नाही. परंतु महाग यंत्र सहाच वर्षांत बदलावे लागले तर वर्षाचा खर्च १६,६०० च्या वर जातो, आणि स्वस्त यंत्र जपून सहा वर्षे वापरले तर तो ७,५०० वर येतो. म्हणजे प्रश्न नावाचा राहत नाही, वर्षांचा होतो.

ती वर्षे कशावर अवलंबून आहेत याची चौकशी विकत घेण्यापूर्वीच करावी. बॅटरी बदलता येते काय, आणि लोणावळ्यात नाही तर पुण्यात तरी ती बदलून देणारे अधिकृत ठिकाण आहे काय? स्मृतीचा भाग, ज्यास रॅम म्हणतात, पुढे वाढविता येतो की तो कायमचा डाख देऊन बसविलेला आहे? पातळ व देखण्या यंत्रांत तो बहुधा बसविलेलाच असतो. अॅपलच्या नव्या यंत्रांत तर तो बदलताच येत नाही. जोडणीच्या संगणकात याउलट कोणताही भाग काढून दुसरा घालता येतो, हा त्याचा मोठा गुण आहे. परंतु तो लोकलमधून नेता येत नाही. मुलीच्या अभ्यासक्रमास लागणारे सॉफ्टवेअर त्या यंत्रावर चालते काय, हे महाविद्यालयात विचारून घ्यावे. काही अभियांत्रिकी सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टच्या विंडोजवरच चालते, आणि तेथे अॅपलची सारी उंची व्यर्थ ठरते.

आणखी एक गोष्ट अशी की यंत्र न बिघडताही जुने होते. २०२५ च्या १४ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या आज्ञावलीस नेहमीची सुरक्षा-सुधारणा पुरविणे थांबविले. चांगली चालणारी असंख्य यंत्रे त्या दिवसापासून एका अर्थी निराधार झाली, कारण त्यांतील पुष्कळांवर पुढची आज्ञावली चढविता येत नाही. अॅपलनेही २०२५ सालीच जाहीर केले की त्या वर्षाच्या नव्या आज्ञावलीनंतरच्या आवृत्त्या इंटेलचा प्रोसेसर असलेल्या तिच्या जुन्या संगणकांस मिळणार नाहीत. तेव्हा महाग यंत्रासही आयुष्याची मर्यादा आहे, आणि ती यंत्राच्या झिजेने ठरत नसून पुष्कळदा कंपनीच्या निर्णयाने ठरते. पाच वर्षांपूर्वीचा नमुना सवलतीत मिळतो म्हणून घेणाऱ्याने हे विशेष ध्यानात ठेवावे. त्याच्या आयुष्यातील पाच वर्षे दुकानाच्या फळीवरच संपलेली असतात.

या कुटुंबाने अखेरीस कोणते यंत्र घ्यावे हे बाहेरच्या माणसाने सांगणे योग्य नाही. मुलीस चित्रफितींचे संकलन करावयाचे असेल, यंत्र आठ वर्षे जपण्याची घरची रीत असेल आणि पैसे हाताशी असतील, तर मामांचा सल्ला वाईट नाही. अभ्यासक्रमाचे सॉफ्टवेअर विंडोजवरचे असेल आणि कर्ज काढणे भाग असेल, तर मध्यम किमतीचे, बॅटरी व रॅम बदलता येईल असे यंत्र घेऊन उरलेले पैसे फीसाठी ठेवणे अधिक शहाणपणाचे होईल. अगदी तळच्या किमतीचे यंत्र मात्र दोनदा विचार करून घ्यावे. ज्या मालात विक्रेत्यास काहीच उरत नाही, त्यात तो कोठेतरी काटकसर करतो, आणि ती बहुधा बिजागरीत, बॅटरीत किंवा हमीच्या बारीक अक्षरांत सापडते.

सर्वांत अधिक खपतो तो माल उत्तम, ही जाहिरात करणाराची भाषा होय. सर्वांत अधिक नफा मिळवितो तो कारखाना उत्तम, ही भागधारकाची भाषा होय. घर चालविणाऱ्याची वही या दोहोंहून निराळी असते. तिच्या एका बाजूस दरसालचा खर्च लिहावा, दुसऱ्या बाजूस त्या यंत्रावर मुलीचे कोणते काम पार पडले ते लिहावे. आणि दुकानाची पायरी चढण्यापूर्वी ती वही एकदा उघडून पाहावी.